पत्त्यांची जुनी वही

विंडोज प्रणाली असलेल्या कोणत्याही संगणकात ‘होस्ट्स’ नावाची एक छोटीशी फाइल असते. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी ‘विंडोज’ या फोल्डरातून ‘सिस्टम३२’, त्यातून ‘ड्रायव्हर्स’ आणि त्यातून ‘ईटीसी’ असे आत आत जावे लागते. फाइल उघडून पाहिली तर तिच्या बहुतेक ओळींच्या सुरुवातीला # ही खूण दिसते. याचा अर्थ त्या ओळी माणसांसाठी लिहिलेल्या टिपा आहेत, संगणकाने त्या वगळायच्या आहेत. लिनक्सच्या संगणकात हीच फाइल ‘ईटीसी’ फोल्डरात थेट सापडते. तिथे १२७.०.०.१ हा आकडा आणि त्याच्यापुढे ‘लोकलहोस्ट’ असा शब्द, एवढी एखादी ओळ तरी नक्की असते.

एखादे संकेतस्थळ शाळेतील सगळ्या संगणकांवर उघडते आणि एकाच संगणकावर उघडत नाही अशी तक्रार आली, की जाणकार माणूस ज्या दोन-चार जागा तपासतो त्यांत ही फाइल असते. कधी तिच्यातील एक ओळ काढून काम भागते, कधी एक ओळ घालून. असे का व्हावे? आणि जगातील कोट्यवधी संगणकांत ही जवळजवळ रिकामी फाइल कशासाठी बाळगली जाते? याचे उत्तर शोधायचे तर आपल्याला पन्नासहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील एका संगणकाने मेन्लो पार्क येथील एसआरआय या संशोधन संस्थेतील संगणकाशी संधान बांधले. ‘आर्पानेट’ या जाळ्याची ही सुरुवात. त्या वर्षाच्या अखेरीस जाळ्यात चार ठिकाणे होती. प्रत्येक संगणकाला आकड्यांचा एक पत्ता होता आणि तो अवघ्या आठ बिटांचा होता. सहा बिट ठिकाण सांगत, उरलेले दोन बिट त्या ठिकाणचा संगणक सांगत. दोनाचा सहावा घात चौसष्ट, दुसरा घात चार. म्हणजे सगळे मिळून २५६ पत्ते. इतके पत्ते कधीतरी कमी पडतील असे तेव्हा फारसे कुणाला वाटले नसावे.

संगणकाला आकडे पुरतात, माणसाला नावे लागतात. म्हणून प्रत्येक ठिकाणच्या मंडळींनी आपापल्या सोयीने इतरांना नावे दिली आणि नाव व आकडा यांच्या जोड्या आपल्या संगणकात लिहून ठेवल्या. पूर्वी घराघरांत टेलिफोनजवळ दोरीने बांधलेली वही असे, तसेच हे. त्या वहीत एकच माणूस एका घरी ‘बाळूमामा’ असतो, दुसऱ्या घरी ‘जोशीसर’ आणि तिसऱ्या घरी ‘वरच्या मजल्यावरचे’. वही घरातच वापरायची असेल तोवर बिघडत नाही. पण एका घरातला माणूस दुसऱ्या घरी जाऊन ती वही वापरू लागला की पंचाईत होते. आर्पानेटवर नेमके हेच होऊ लागले.

या जाळ्याचे नियम ज्या टिपणांतून ठरत गेले त्यांना ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे अभिप्रायासाठी विनंती, असे विनम्र नाव आहे. सप्टेंबर १९७१ मध्ये अशा २२६व्या टिपणात पेगी कार्प यांनी सुचवले की सर्वांनी संगणकांना एकसारखी नावे वापरावीत, आणि तशी एक छोटी यादीही दिली. नावे ठरत गेली, पण वह्या मात्र वेगवेगळ्याच राहिल्या. डिसेंबर १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो प्रयोगशाळेतील पीटर डॉइच यांनी ६०६व्या टिपणात जरा चिडूनच विचारले, की अधिकृत नावे ठरलेली असताना प्रत्येकाने आपली वेगळी आणि बहुधा शिळी झालेली यादी सांभाळत बसण्यात काय अर्थ आहे? एकाच ठिकाणी एक यादी ठेवावी आणि सर्वांनी तिची प्रत घ्यावी. जानेवारी १९७४ मध्ये एसआरआयमधील नेटवर्क इन्फर्मेशन सेंटरने हे मान्य केले. ‘होस्ट्स डॉट टीएक्सटी’ या नावाची ती फाइल. आज आपल्या संगणकातील फाइल तिचीच वंशज आहे.

‘होस्ट’ या शब्दाबद्दल थोडे सांगायला हवे. जाळ्यावरून आलेल्या परक्या माणसाला जो संगणक आपल्याकडे काम करू देतो तो होस्ट, म्हणजे यजमान. मराठीत हा शब्द वापरला तर घोटाळा होण्याची भीती आहे, कारण आपल्याकडे ‘यजमान घरी नाहीत’ याचा अर्थ वेगळाच होतो. तेव्हा आपण ‘होस्ट’ हाच शब्द ठेवू.

ही यादी ज्यांच्या कार्यालयाने सांभाळली त्या एलिझाबेथ फाइनलर यांचे शिक्षण रसायनशास्त्राचे. रासायनिक संयुगांची प्रचंड सूची तयार करणाऱ्या ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस’ या संस्थेत काम केल्यावर त्या १९६० मध्ये एसआरआयमध्ये आल्या. १९७२ मध्ये डग्लस एंजेलबार्ट यांनी त्यांना आपल्या विभागात घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात वॉशिंग्टनला आर्पानेटचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक व्हायचे होते आणि जाळ्यावर कुठे काय उपलब्ध आहे याची पुस्तिका हवी होती. ती फाइनलरबाईंनी तयार केली. १९७४ पासून १९८९ पर्यंत माहिती केंद्राचे काम त्यांच्याकडे होते. संगणकाच्या इतिहासात यंत्रे बांधणाऱ्यांची नावे ठळक छापली जातात, पण सूची करणाऱ्यांची नावे तळटिपेत जातात. आमच्या मते हे उलटे नाही तरी सारख्या टायपात तरी छापायला हवे. संयुगांना पद्धतशीर नावे देण्याच्या कामात मुरलेल्या बाईंच्या हाती संगणकांच्या नावांची यादी यावी, हा योग चांगलाच म्हणायचा.

काम कसे चाले? कुणाला नवा संगणक जाळ्यात आणायचा असेल, किंवा जुन्याचा पत्ता बदलला असेल, तर त्याने केंद्राला फोन करायचा किंवा ई-मेल पाठवायची. फोन अर्थातच कचेरीच्या वेळेत, तीही कॅलिफोर्नियाची. केंद्रातील माणसे नाव तपासत, ते आधी कुणी घेतले नाही ना हे पाहत आणि यादीत ओळ घालत. आठवड्यातून एक-दोनदा नवी यादी निघे आणि देशभरातील संगणक ती उतरवून घेत. एका ओळीत पत्ता, नाव, संगणकाचा प्रकार, त्यावरील कार्यप्रणाली आणि तो पाळत असलेले नियम, एवढी माहिती असे. नाव किती लांब असावे याचेही बंधन होते: जास्तीत जास्त चोवीस अक्षरे, रोमन लिपीतील अक्षरे, अंक आणि जोडरेघ. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करायचा नाही. हा नियम लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

ही व्यवस्था उत्तम होती आणि ती उत्तम चालली म्हणूनच मोडली. कशी ते पाहण्यासाठी वर्गात फळ्यावर एक गणित मांडता येईल. जाळ्यात ‘न’ संगणक आहेत असे धरा. यादीत सुमारे ‘न’ ओळी असणार. ती यादी ‘न’ संगणकांनी उतरवून घ्यायची. म्हणजे प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी जाळ्यावरून ‘न’ गुणिले ‘न’, म्हणजे ‘न’चा वर्ग इतक्या ओळी वाहणार. ऑगस्ट १९८१ मध्ये जाळ्यात २१३ होस्ट होते. २१३चा वर्ग ४५,३६९. ऑक्टोबर १९८५ मध्ये होस्ट झाले १,९६१. त्याचा वर्ग ३८,४५,५२१. संगणक साधारण नऊ पट वाढले, पण यादी पोचवण्याचे ओझे सुमारे पंच्याऐंशी पट झाले. डिसेंबर १९८७ मध्ये होस्टची संख्या २८,१७४ होती. तिचा वर्ग विद्यार्थ्यांनाच काढू द्यावा. उत्तर एकोणऐंशी कोटींच्या पुढे जाते. प्रत्यक्षात प्रत्येकजण प्रत्येक आवृत्ती उतरवून घेत नसे, त्यामुळे आकडे याहून कमी असतील. परंतु वाढीची चाल हीच. आणि हे सारे आर्पानेटच्या ज्या तारांवरून जायचे, त्या सेकंदाला पन्नास-छप्पन्न हजार बिट वाहून नेत.

वर्गाने वाढणारी राशी मुलांना वर्तुळाच्या क्षेत्रफळात भेटते, गतिज ऊर्जेत भेटते. एका कचेरीतील यादीतही ती भेटते, हे सांगितले तर सूत्राला थोडा जीव येतो असा आमचा अनुभव आहे.

त्यात भर म्हणजे जितके संगणक अधिक तितके बदलही अधिक. नवी यादी सगळीकडे पोहोचेपर्यंत ती शिळी झालेली असे. पूर्वी एका संस्थेत एक मोठा संगणक असे; १९८०च्या दशकात खोलीखोलीत वेगळे संगणक आले आणि त्यांच्या नावांचे भांडण केंद्राच्या दारात आले. एका विभागाने आपल्या नव्या यंत्राला काय नाव द्यावे, हे हजारो मैलांवरच्या कचेरीने का ठरवावे? पण ठरवले नाही, तर दोन यंत्रांना एकच नाव पडणार. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने टीसीपी/आयपी हे नवे नियम स्वीकारले आणि बत्तीस बिटांच्या पत्त्यांमुळे चारशे कोटींहून अधिक पत्त्यांची जागा झाली. पत्त्यांची अडचण मिटली, नावांची मात्र वाढली.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये जॉन पोस्टेल यांनी हा प्रश्न पॉल मोकापेट्रिस या तरुण सहकाऱ्याकडे सोपवला. काही प्रस्ताव आधीच समोर होते आणि त्यांतून सुवर्णमध्य काढावा अशी अपेक्षा होती. मोकापेट्रिस यांनी ते बाजूला ठेवून स्वतःची रचना केली आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये ८८२ व ८८३ या दोन टिपणांत ती मांडली. तीच ‘डोमेन नेम सिस्टम’, डीएनएस. तिची सुधारित मांडणी नोव्हेंबर १९८७ मध्ये आली आणि आजही पाया तोच आहे.

तिची कल्पना आपल्या पोस्टखात्याकडून समजून घेता येते. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. मालवणचा पिनकोड ४१६६०६. गुवाहाटीत टपाल लावणाऱ्याला मालवणची एकही गल्ली माहीत असण्याचे कारण नाही. त्याने पहिला अंक ४ पाहावा आणि पत्र पश्चिमेकडे पाठवावे. पुढचे अंक पुढची माणसे पाहतील. मालवणातील घराची खबर फक्त मालवणच्या पोस्टमनला असली की पुरे. डीएनएसमध्ये असाच अधिकार वाटून दिलेला असतो, फक्त नाव उजवीकडून डावीकडे वाचायचे. ‘डॉट इन’ असे शेवटी असेल तर आधी ‘इन’ सांभाळणाऱ्याला विचारायचे. तो पुढच्या भागाचा कारभारी सांगतो. तो त्याच्या पुढचा. एखाद्या महाविद्यालयाने नवा संगणक जोडला तर त्याने आपल्या स्वतःच्या वहीत नोंद करायची. जगात इतर कुणाला काही कळवावे लागत नाही. मिळालेले उत्तर काही काळ लक्षात ठेवायची मुभा असते आणि तो काळ उत्तरासोबतच सेकंदांत लिहिलेला असतो. ८६,४०० सेकंद असे लिहिले असेल तर ते किती दिवस होतात, हे सहावीतली मुलेही सांगतील.

ऑक्टोबर १९८४ मध्ये नावांच्या सर्वांत वरच्या पायऱ्या ठरल्या: कॉम, एज्यु, गव्ह, मिल, ऑर्ग आणि देशांच्या दोन-अक्षरी खुणा. हे गट पाडण्यात फाइनलरबाईंच्या केंद्राचाही हात होता. म्हणजे जिच्यामुळे आपली यादी निकालात निघणार, ती व्यवस्था उभारायला यादीवाल्यांनीच मदत केली. बर्कली येथील चार विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये युनिक्ससाठी ‘बाइंड’ ही डीएनएसची आज्ञावली लिहिली आणि नवी पद्धत पसरू लागली.

भारताला याचा लाभ लवकरच झाला. शैक्षणिक संस्थांना जोडणारा ‘एर्नेट’ प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाला. ‘डॉट इन’ची नोंद ८ मे १९८९ रोजी झाली आणि त्याची वही मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे आली. २००५ पासून ते काम ‘निक्सी’ ही संस्था पाहते. भारतातील संस्थेच्या नावाचा निर्णय त्यामुळे भारतात होऊ लागला. लिपीच्या बाबतीत मात्र जुन्या यादीची सावली अजून आहे. देवनागरीतील ‘डॉट भारत’ २०१४ मध्ये सुरू झाले, पण आपण देवनागरीत नाव लिहिले तरी संगणक आतल्या आत त्याचे रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघा यांत रूपांतर करतो आणि मगच विचारणा पाठवतो. चोवीस अक्षरांची मर्यादा गेली, अक्षरांचा नियम उरला.

मग जुनी यादी नाहीशी का झाली नाही? कारण नावे विचारण्यासाठी जाळे चालू असावे लागते आणि संगणक सुरू होताना ते चालू असतेच असे नाही. स्वतःचे नाव आणि शेजारच्या एखाद्या यंत्राचे नाव घरच्या वहीत असलेले बरे. युनिक्समध्ये ही फाइल ‘ईटीसी’ फोल्डरात होती. विंडोजने जाळ्याची व्यवस्था घेताना फोल्डराच्या नावासकट ती उचलली. आणि क्रमही जुनाच राहिला. साधारणपणे संगणक आधी घरची वही पाहतो आणि तिथे नाव सापडले नाही तरच बाहेर विचारायला जातो. सापडले, तर सबंध जगाचे डीएनएस काही का सांगेना, वहीतले खरे.

सुरुवातीला सांगितलेल्या अडचणीचे मूळ या क्रमात आहे. समजा, एखाद्या संकेतस्थळाने आपला सर्व्हर बदलला. पूर्वी कुणीतरी चाचणीसाठी त्याचा पत्ता या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये लिहिला होता आणि तो तसाच राहिला. बाकीच्या संगणकांना डीएनएसकडून नवा पत्ता मिळाला. हा एकटा जुन्या घराची कडी वाजवत बसला. ती ओळ काढली, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, की काम होते. उलट, नवा सर्व्हर तयार आहे पण डीएनएसमधील नोंद अजून बदललेली नाही, अशा वेळी एक ओळ घालून आपल्यापुरते आधीच नव्या घरी जाऊन पाहता येते. शाळेतील सर्व्हरला सुटसुटीत नाव द्यायलाही ही फाइल चांगली. काही शाळा खेळांच्या संकेतस्थळांपुढे १२७.०.०.१ हा संगणकाचा स्वतःचाच पत्ता लिहून ती बंद करतात. मात्र या फाइलला ‘या नावाने संपणारी सगळी’ असे सांगता येत नाही. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावलेले आणि न लावलेले नाव वेगवेगळे लिहावे लागते. मोठ्या संकेतस्थळांचे पत्ते वारंवार बदलतात, त्यामुळे त्यांच्यासाठी घातलेली ओळ आज चालेल आणि पुढच्या महिन्यात तीच अडचण होऊन बसेल. तात्पुरती ओळ घातली तर तिच्या वर # लावून तारीख आणि कारण लिहून ठेवावे. वहीचा उपयोग वहीसारखा करावा.

ज्याचा हात या फाइलपर्यंत पोहोचतो त्याच्या मर्जीवर नावांचा अर्थ ठरतो, हे दुष्टांच्याही लक्षात आले. जानेवारी २००४ मध्ये पसरलेल्या ‘मायडूम’ या विषाणूच्या दुसऱ्या आवृत्तीने होस्ट्स फाइलमध्ये विषाणूविरोधी कंपन्यांची नावे चुकीच्या पत्त्यांसह लिहून ठेवली होती. आजार झाला आणि वैद्याच्या घराचा रस्ताच पुसला, असा प्रकार. आता विंडोजमध्ये ही फाइल बदलायला प्रशासकाचे अधिकार लागतात. शिवाय सुरक्षित संकेतस्थळे आपले प्रमाणपत्र दाखवतात. चुकीच्या पत्त्यावर नेले गेलो तर ब्राउझर इशारा देतो. तो इशारा विद्यार्थ्यांनी डोळे मिटून ओलांडू नये. ज्या संगणकावर तो एका विशिष्ट नावासाठीच येतो, तिथे ही फाइल पाहावी.

बदल करताना मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवावी. नोटपॅड प्रशासक म्हणून उघडावे आणि त्यातून फाइल उघडावी. आधी पत्ता, मग मोकळी जागा, मग नाव, असा ओळीचा क्रम. साठवताना एक गोष्ट घडते: नोटपॅड स्वतःहून नावाच्या शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ जोडते, आणि असे शेपूट लागलेली फाइल संगणक वाचतच नाही. १९७४ मध्ये हेच तिचे अधिकृत नाव होते. साठवण्याच्या चौकटीत ‘ऑल फाइल्स’ निवडावे, म्हणजे शेपूट लागत नाही.